क्लचची वायर आणि बोटभर ढिलाई

क्लचची वायर घराच्या अंगणात सहसा तुटत नाही. ती तुटते सिग्नलला, मागच्या बसचा हॉर्न वाजत असताना; नाही तर घाटाच्या चढावर, मागच्या सीटवर बायको आणि हँडलला भाजीची पिशवी असताना. खरे पाहता तुटण्याआधी आठवडा-पंधरा दिवस ती सूचना देत असते. लिव्हर जड लागतो, मध्येच कचकन अडकतो, आज बसवलेला क्लच परवा पुन्हा ढिला होतो. आपण अ‍ॅडजस्टरचे दोन आटे फिरवून वेळ मारून नेतो.

या सदराकडे गाडीविषयी जी पत्रे येतात त्यांत वायरीचा उल्लेख क्वचितच असतो. तिथे प्रश्न असतो प्लेटचा. मेकॅनिक म्हणतो, क्लच प्लेट गेल्या. दोन हजारांच्या पुढे खर्च सांगतो. काम करून घ्यावे का? पत्रावरून कुणाच्याही प्लेट तपासता येत नाहीत. पण माझे उत्तर ठरलेले असते. आधी वायर पाहा, तिची ढिलाई पाहा, आणि वायर जुनी झाली असेल तर ती घरीच बदला. प्लेटचे त्यानंतर बोलू. दोन-तीनशे रुपयांच्या आत मिळणारी ही वायर चुकीची ओढलेली असेल तर ती प्लेट खाते, आणि नव्या प्लेट टाकल्या तरी त्याही खाते.

उदाहरणासाठी शंभर सीसीची साधी मोटारसायकल घेऊ. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि तेव्हापासून दूधवाल्यांपासून शाळामास्तरांपर्यंत सगळ्यांच्या दारात या जातीची एखादी गाडी उभी असते. तिच्या इंजिनाच्या झाकणाआड क्लच असतो. स्वयंपाकघरातली ताटांची चळत डोळ्यांसमोर आणा. एक ताट खरखरीत अस्तराचे, एक गुळगुळीत पोलादी, पुन्हा खरखरीत, पुन्हा पोलादी. एका जातीची ताटे इंजिनाबरोबर फिरतात, दुसऱ्या जातीची गिअरबॉक्सला जोडलेली असतात. मजबूत स्प्रिंगा ही चळत दाबून धरतात म्हणून इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. तुम्ही लिव्हर दाबला की वायर ओढली जाते, स्प्रिंगांचा दाब उचलला जातो, ताटे सुटी होतात, आणि मग गिअर बिनबोभाट पडतो. लिव्हर सोडला की चळत पुन्हा घट्ट.

आता गंमत अशी की लिव्हर पूर्ण सोडलेला असताना वायरीवर अजिबात ताण असता कामा नये. लिव्हर बोटाने हलवला तर सुरुवातीचे थोडे अंतर तो रिकामाच हलला पाहिजे, आणि मग स्प्रिंगेचा जोर लागला पाहिजे. या रिकाम्या अंतराला गॅरेजात ‘प्ले’ म्हणतात. होंडा पद्धतीच्या बहुतेक गाड्यांत तो लिव्हरच्या टोकाशी मोजला तर १० ते २० मिलिमीटर असावा लागतो. साधारण एका बोटाची जाडी धरा. तुमच्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत नेमका आकडा दिलेला असतो, तोच प्रमाण मानावा.

नेमकी हीच ढिलाई लोकांना खुपते. ‘क्लच जरा वर घे रे, ढिला वाटतो,’ असे आपणच मेकॅनिकला सांगतो. तो बिचारा गिऱ्हाइकाचे ऐकतो आणि वायर आवळून देतो. लिव्हर हाताला टच्च लागतो, आपण खूश होतो. पण आवळलेली वायर स्प्रिंगांचा दाब थोडासा का होईना कायम उचलून धरते. चळत पूर्ण दाबली जात नाही, प्लेट एकमेकींवर घसरतात, तापतात, झिजतात. सपाट रस्त्यावर कळत नाही. चढावर, डबलसीट असताना इंजिन नुसते ओरडते आणि गाडी रेंगाळते. सहा महिन्यांनी निदान होते, प्लेट गेल्या. झिजल्या हे खरेच, पण त्या कुणी झिजवल्या हे बिलात लिहिलेले नसते.

उलट बाजूही आहे. ढिलाई फार वाढली तर लिव्हर पूर्ण दाबूनही ताटे सुटी होत नाहीत. पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो, गाडी दाबलेल्या क्लचवरही पुढे सरकू पाहते, आणि सिग्नलला न्यूट्रल सापडता सापडत नाही. यात झीज होते ती गिअरची.

म्हणून एक सवय लावून घ्यावी. महिन्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, लिव्हर बोटाने हलवून ढिलाई पाहावी. ती आपोआप वाढत चालली असेल तर वायर ताणली जात आहे, तिचे तंतू तुटत आहेत. आपोआप कमी होत चालली असेल तर मामला प्लेटकडे आहे. झिजून पातळ होत जाणारी चळत ही ढिलाई गिळत जाते. एवढ्या एका निरीक्षणावर निम्मे निदान घरी होते, आणि गॅरेजात आपण कोऱ्या चेहऱ्याने उभे राहत नाही.

वायर तुटते का?

क्लचची वायर म्हणजे बारीक पोलादी तारांचा पीळ आणि त्यावर लवचीक आवरण. दोन्ही टोकांना ओतीव धातूची गोळी असते, तिला निपल म्हणतात. वरची गोळी लिव्हरच्या खाचेत बसते. लिव्हर दाबताना ही गोळी खाचेत किंचित फिरली पाहिजे. तिथले ग्रीस सुकले, धूळ बसली, की गोळी फिरत नाही आणि मग प्रत्येक वेळी तार गोळीच्या मानेशी वाकते. शहरातल्या एका फेरीत क्लच किती वेळा दाबला जातो याचा विचार करा. एकेक तंतू तुटत जातो. म्हणूनच वायर बहुतेक वेळा हँडलजवळच, गोळीपासून अर्ध्या-पाऊण इंचावर तुटते. रबरी टोपी मागे सरकवून पाहिलीत तर फुटलेल्या झाडूसारखे तंतू दिसतील. असे दोन-तीन तंतू जरी सुटलेले दिसले तरी वायर बदलायची. जपून वापरू म्हणून ती टिकत नाही.

दुसरा शत्रू पावसाळा. टोपी फाटलेली असेल तर पाणी आवरणात उतरते, आत गंज धरतो, आणि लिव्हर इतका जड होतो की संध्याकाळी मनगट दुखते. कोकणात आणि गोव्यात खारी हवाही हातभार लावते.

खरेदी करताना जुन्या वायरीचा माप म्हणून उपयोग करावा, किंवा निदान गाडीचे मॉडेल आणि वर्ष अचूक सांगावे. एकाच नावाच्या गाडीच्या दोन वर्षांच्या वायरींत चार बोटांचा फरक निघू शकतो. पुण्याची नाना पेठ, दिल्लीचे करोल बाग, कोलकात्याचे मलिक बाजार, या ठिकाणी सुटे भाग ढिगाने मिळतात आणि त्यांत नकलीही असतात. कंपनीचे पाकीट, छापील किंमत आणि सील नीट पाहून घ्या. पन्नास रुपये वाचवून आणलेली वायर दोन महिन्यांत लांबली तर त्या बचतीला अर्थ नाही.

प्रत्यक्ष काम

रविवारी सकाळचा तास-दीड तास पुरे. सरावल्यावर अर्ध्या तासात होते. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, किल्ली काढून. इंजिन पूर्ण थंड हवे, कारण वायरीचे खालचे टोक अशा बहुतेक गाड्यांत उजव्या बाजूला इंजिनाच्या झाकणावर असते आणि सायलेन्सर तिथूनच जातो. साहित्य म्हणाल तर दहा आणि बारा नंबरचे पाने, एक पकड, मशीनचे तेल, चिमूटभर ग्रीस, जुने फडके आणि दोन हात मजबूत सुतळी. सुतळी कशाला ते पुढे कळेल.

आधी काही न सोडता नवी वायर जुनीशेजारी धरून लांबी आणि दोन्ही टोके ताडून पाहा. मग जुनी वायर हँडलपासून कुठून कुठे जाते ते नीट बघा, मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा. हेडलाइटच्या मागून, टाकीच्या कडेने, कुठल्या क्लिपमधून, हे सगळे महत्त्वाचे आहे. चुकीच्या वाटेने घातलेली वायर हँडल वळवले की ताणते आणि नवी असूनही लवकर जाते.

आता हँडलकडची रबरी टोपी मागे सरकवा. तिथे एक दातेरी चकती आणि तिच्यामागे अ‍ॅडजस्टर दिसेल. चकती सैल करून अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवा, म्हणजे वायर सैल पडेल. खाली इंजिनाजवळ आवरण एका पट्टीत दोन नटांनी धरलेले असते. एक पाना एका नटाला, दुसरा दुसऱ्याला लावून ते सोडवा. जोर लावावा लागला तर थोडे तेल टाकून दहा मिनिटे थांबा. घाईत नटाचे कोपरे गोल झाले तर कामाचा रंगच बदलतो. वायर पुरेशी सैल झाली की खालची गोळी आर्मच्या खाचेतून निघते. वरच्या बाजूला चकती, अ‍ॅडजस्टर आणि लिव्हरची बैठक, या तिन्हींना एकेक चीर असते. तिन्ही चिरा एका रेषेत आणल्या की तार त्यातून अलगद बाहेर येते आणि गोळी खाली उतरवता येते. पहिल्यांदा करणाऱ्याची सर्वाधिक चिडचिड या जागी होते. जोर उपयोगाचा नाही, चिरा जुळवणे हाच उपाय.

आता सुतळी. जुन्या वायरीच्या खालच्या टोकाला ती घट्ट बांधा आणि वायर वरच्या बाजूने हळूहळू ओढून काढा. वायर बाहेर येते आणि तिच्या वाटेवर सुतळी राहते. मग तीच सुतळी नव्या वायरीच्या खालच्या टोकाला बांधून खालून ओढली की नवी वायर जुन्याच वाटेने जाऊन बसते. परकर-पायजम्यात नाडी ओवणाऱ्या घरात ही युक्ती समजावून सांगायला नकोच.

पण नवी वायर ओवण्यापूर्वी तिला तेल पाजायचे. पाकिटावर ‘तेल देऊ नये’ असे लिहिले असेल तर नको. काही वायरींना आतून प्लास्टिकचे अस्तर असते आणि त्या कोरड्याच वापरायच्या असतात. तसे नसेल तर वायर उभी धरा, प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून तो वरच्या टोकाला रबर बँडने बांधा आणि त्या नरसाळ्यात थेंब थेंब मशीनचे तेल सोडा. आतली तार खालीवर करत राहा. खालच्या टोकाने तेलाचा थेंब दिसला की झाले. दोन्ही गोळ्यांना ग्रीस लावा.

आधी वरची गोळी लिव्हरमध्ये बसवा, मग खालची आर्ममध्ये. वरचा अ‍ॅडजस्टर जवळपास पूर्ण आत ठेवून मोठा फेरफार खालच्या नटांवर करा, बारीक फेरफार वरच्या अ‍ॅडजस्टरवर. पुस्तिकेत दिलेली ढिलाई मिळाली की खालचे दोन्ही नट एकमेकांकडे आवळा, वरची चकती घट्ट करा, टोपी जागेवर ओढा आणि चिरा पुन्हा एका रेषेत राहिल्या नाहीत ना ते पाहा, नाही तर त्यांतून पाणी शिरेल.

परीक्षा अजून बाकी आहे. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून दोन्हीकडे ढिलाई तपासा. ती तेवढीच राहिली पाहिजे. कमी होत असेल तर वायर कुठेतरी अडकली किंवा ताणली आहे. तशी गाडी वळणावर स्वतःहून क्लच दाबेल. मग इंजिन चालू करा, क्लच पूर्ण दाबून पहिला टाका. गाडी हिसका न देता उभी राहिली आणि लिव्हर सावकाश सोडताच निघाली, की गल्लीतून एक फेरी मारून या. नवी वायर पहिल्या आठवड्यात थोडी लांबते. तेव्हा पुन्हा एकदा मोजून वरच्या अ‍ॅडजस्टरने ढिलाई जागेवर आणायची.

हे काम घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना सोबत घेऊन करावे असे मला आवर्जून वाटते. इथे ना वीज आहे, ना पेट्रोल उघडावे लागते, ना गाडीखाली शिरावे लागते. आणि पाना हाती घेतलेल्या मुलीला पुढे कुठल्याही गॅरेजात कुणी सहज गुंडाळू शकत नाही.

स्कूटर आणि मोटार

जुन्या गिअरच्या स्कूटरी अजून पुष्कळ घरांत आहेत. १९७२ मध्ये आलेली बजाजची चेतक किंवा एलएमएलची व्हेस्पा यांचे तत्त्व तेच. पण तिथे डाव्या मुठीतून निघालेली वायर हँडलच्या पोटातून आणि बॉडीच्या आतून जाते. आवरण धड असेल तर फक्त आतली तार बदलतात, आणि खालचे टोक स्क्रूने आवळायच्या छोट्या चापात धरतात. उरलेली तार कापताना टोकाचे तंतू सुटे होऊ देऊ नयेत, बोटात घुसतात. २०२० पासून चेतक या नावाने जी स्कूटर विकली जाते ती विजेवर चालते, तिला क्लचच नाही. बिनगिअरच्या स्कूटरींचा क्लच आपोआप लागतो, त्यामुळे त्यांना ही वायर नसते.

मोटारींत १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या मारुती ८०० ला क्लचची केबलच होती. पेडलपासून निघून ती बॉनेटखाली गिअरबॉक्सवरच्या आर्मला जाते आणि ढिलाई तिथल्या नटावर ठरते. हाताला सवय असेल तर ही केबल घरी बदलता येते. पुष्कळ नव्या मोटारींत केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असतो. तो घरी उघडू नये.

आणि प्लेट? दोन्ही अ‍ॅडजस्टर वापरून योग्य ढिलाई दिली, तरीही मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळताच इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मागे राहतो, तर प्लेट खरोखर गेल्या. पण त्याआधी इंजिन ऑइल आठवा. मोटारसायकलच्या प्लेट इंजिनाच्याच तेलात बुडालेल्या असतात. मोटारीचे तेल स्वस्त पडले म्हणून ओतले असेल तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे धडधाकट प्लेटही घसरू शकतात. दुचाकीच्या डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण असते, ती पाहून घ्यावे.

प्लेट बदलण्यासाठी तेल काढून झाकण उघडावे लागते, नवे गॅस्केट लागते, मधला नट सोडवायला खास हत्यार लागते, आणि नव्या प्लेट बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये भिजवाव्या लागतात. हे काम गॅरेजला द्या, मात्र समोर उभे राहून जुन्या प्लेट मागून घ्या. अस्तर काळे पडून गुळगुळीत झाले असेल, पोलादी प्लेटवर निळसर डाग असतील, तर त्या तापल्या होत्या. तेव्हाच विचारा, वायरीला ढिलाई किती ठेवली? मोटारीच्या प्लेटसाठी तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली घरी झोपण्याचे धाडस कुणीही करू नये. जुन्या गाड्यांच्या क्लच-ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस वापरत असत, तेव्हा तिथली काळी धूळ तोंडाने फुंकूही नये.

प्लेटना आणखी एक गोष्ट मारते, ती म्हणजे अर्धा क्लच. गर्दीत दोन बोटे कायम लिव्हरवर ठेवून चालवणारे, चढावरच्या सिग्नलला ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलणारे, आणि मोटारीत डावा पाय पेडलवर विसावून बसणारे, हे सगळे आपल्या हाता-पायाने तीच आवळलेली वायर तयार करत असतात.

इतके करूनही वायर रस्त्यात तुटलीच तर? घाबरून एकदम ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी डाव्या कडेला घ्या. थांबताना इंजिन बंद पडेल, पडू द्या. मुरलेले चालक इंजिन न्यूट्रलमध्ये चालू करून, गाडी ढकलत पहिला टाकून पुढे जातात, पण रहदारीत किंवा डबलसीट हा खेळ नको. मनाली ते लेह मार्गाने जाणारे मोटारसायकलवाले नवी वायर जुनीच्या शेजारीच ओवून, टोके चिकटपट्टीने बांधून निघतात. तुटली की फक्त दोन टोके अडकवायची. आपले दूधवाले, पेपरवाले, घरोघरी पार्सल पोचवणारी मुले यांचा तर एक दिवस बुडाला की त्या दिवसाची कमाई बुडते. त्यांनीही हे करायला हरकत नाही. बाकीच्यांनी निदान एक वायर आणि दोन पाने सीटखाली ठेवावेत.